कप नंतर विचारा, आधी पोराला बॉल मिळतो का ते बघा

मुलांना फुटबॉल क्लबात घालणाऱ्या आईवडिलांची पत्रं या महिन्यात भरपूर आलीत, पुण्यापासून पार न्यू जर्सीपर्यंत, आणि जवळपास सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आहे की क्लब आपल्या पोराला खरंच घडवतोय की नुसता मॅचेस जिंकायला वापरतोय. त्यातली काही पत्रं इथे घेतोय. विषय मुलांचा आहे म्हणून नावं छापत नाही.

प्रश्न : सर, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, पहिलीपासून क्लबला जातो. क्लबचं नाव मोठं आहे, टुर्नामेंट जिंकतात, इन्स्टाग्रामवर सारखे कप घेतलेले फोटो. पण मॅचमध्ये याला शेवटची पाच मिनिटं उतरवतात, कधीकधी तेही नाही. कोचना विचारलं तर म्हणाले, मॅडम, जिंकणाऱ्या टीममध्ये राहिलं की मुलं आपोआप शिकतात. हे खरं आहे का? क्लब बदलू का? (एक आई, कोथरूड)

नाही ताई, खरं नाहीये. नऊ वर्षांचं पोर बॉलला पाय लावून शिकतं, बेंचवर बसून टाळ्या वाजवून काही शिकत नाही, आणि हे माझं एकट्याचं मत नाही, यावर अख्ख्या देशांनी आपली पद्धत बदललीय.

बेल्जियमचं सांगतो कारण मला ते उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. २००० साली युरो स्पर्धा बेल्जियम आणि नेदरलँड्सनी मिळून भरवली आणि बेल्जियम घरच्या मैदानावर पहिल्याच फेरीत बाहेर. त्यानंतर त्यांच्या फेडरेशननं सीनियर टीमपेक्षा खाली, एकदम लहान पोरांकडे बघायला सुरुवात केली. टेक्निकल डायरेक्टर होते मिशेल सॅब्लॉन, त्यांनी ल्यूव्हेन विद्यापीठाच्या लोकांना घेऊन लहान मुलांच्या मॅचेस शूट करून घेतल्या आणि कुणाचा पाय किती वेळा बॉलला लागतोय ते मोजायला लावलं. दिसलं काय, तर मोठ्या ग्राउंडवर भरमसाट पोरं, दोन-तीन दांडगी पोरं बॉल घेऊन पळतायत आणि बाकीची अर्धा अर्धा तास नुसती इकडून तिकडे. मग त्यांनी ठरवलं की सगळ्यात लहान मुलं २ विरुद्ध २ खेळणार, नंतर ५ विरुद्ध ५, मग ८ विरुद्ध ८, आणि ११ विरुद्ध ११ सगळ्यात शेवटी. ड्रिबल करायला, म्हणजे बॉल पायात घेऊन पुढे जायला, पूर्ण मोकळीक. एकदम लहान गटांचे पॉइंट टेबलच काढून टाकले, कारण टेबल असलं की कोच जिंकायला बघतो आणि जिंकायचं म्हटलं की बारीक पोर बेंचवर जातं.

क्लबवाले कुरकुरले, आईवडील कुरकुरले, ज्युनियर टीम नव्या पद्धतीनं खेळताना हरल्या तेव्हा तर जास्तच, पण त्यांनी ते हरणं चालवून घेतलं आणि मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. २००७ मध्ये हा देश फिफा रँकिंगमध्ये ७१ वा होता, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला, आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला तिसरा. आता सगळं श्रेय त्या एका आराखड्याला देणार नाही मी, त्या टीममधले बरेच जण लहानपणीच परदेशी अकॅडमीत गेले होते, त्यांचा स्टार हॅझार्ड तर १४ व्या वर्षी फ्रान्समध्ये लील क्लबला गेला, आणि रस्त्यावर, पार्कात खेळून आलेली स्थलांतरित घरांमधली पोरंही त्या पिढीत खूप होती. पण त्या पार्कातल्या फुटबॉलमध्ये तरी काय असतं, चार पोरं, एक बॉल, कोच नाही, टेबल नाही. सॅब्लॉननी तेच क्लबात आणलं.

आणि बेल्जियम एकटा नाही. नॉर्वेत मुलं ११ वर्षांची होईपर्यंत टेबल आणि रँकिंग लावायला परवानगीच नाही. जर्मनीनं २०२४ च्या सीझनपासून सगळ्यात लहान गटांसाठी २ विरुद्ध २ आणि ३ विरुद्ध ३, चार छोटे गोल लावून, देशभर सक्तीचं केलं. एवढा चार वेळा वर्ल्ड कप जिंकलेला देश हे करतोय म्हटल्यावर आपल्याकडे दहा वर्षांखालच्या पोरांना पूर्ण ग्राउंडवर पळवायचा हट्ट कशासाठी, हे मला खरंच कळत नाही.

आता क्लब बदलू का. त्याआधी एक दिवस पूर्ण प्रॅक्टिस बघा, फोन पर्समध्ये ठेवून. एकाच पोरावर नजर ठेवा, तुमच्याच, आणि तो किती वेळ लाइनीत उभा आहे ते बघा. वीस पोरं एका प्लास्टिकच्या शंकूमागे रांगेत आणि एकेकाचा नंबर येतोय असं असेल तर तासातली दहा मिनिटंसुद्धा तो खेळत नाही. कोच प्रत्येक पासला बाहेरून ओरडून सांगतोय का, "मार, सोड, इकडे दे"? मग पोर स्वतः विचार करायचंच सोडून देतं. आणि जागा बदलून खेळवतात का ते बघा, नऊच्या वयात कुणी कायमचा डिफेंडर नसतो. मग कोचना एवढंच विचारा की १२ वर्षांखालच्या प्रत्येक पोराला निदान अर्धी मॅच मिळेल असा क्लबचा नियम आहे का. नसेल आणि करायची तयारीही नसेल तर बिनधास्त बदला. छोटा क्लब चालेल, कप नसलेला चालेल.

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही पेठेतली माणसं, घरात आजोबांपासून फुटबॉल. पोरगा १२ चा, पायात बॉल लई भारी पण अंगानं बारीक. जन्म डिसेंबरचा. १३ खालच्या सिलेक्शनला गेलं की समोर मिशी फुटलेली पोरं, त्यातली काही वय चोरलेली आहेत हे सगळ्यांना माहितीय. दर वेळी "अजून थोडा मोठा होऊ दे" म्हणून परत पाठवतात. आता तो म्हणतो मला खेळायचंच नाही. काय करू? (एक वडील, कोल्हापूर)

दादा, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही पोरावर अन्याय करतात.

पहिली म्हणजे तारीख. वयोगटाची कट-ऑफ १ जानेवारी असते, म्हणजे तुमचा डिसेंबरचा पोरगा त्याच गटातल्या जानेवारीच्या पोरापेक्षा जवळजवळ एक वर्षानं लहान. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार झालं. त्यात प्रत्येकाचं शरीर आपापल्या वेळेला वाढतं, मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण १३-१४ च्या आसपास, कुणाची आधी, कुणाची नंतर, त्यामुळे एकाच वर्षी जन्मलेल्या दोन पोरांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक पडू शकतो. बेल्जियमच्याच वेर्नर हेल्सन नावाच्या संशोधकानं २००५ मध्ये युरोपातल्या देशांच्या ज्युनियर टीम तपासल्या तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं खूप जास्त आणि शेवटच्या महिन्यांतली खूप कमी निघाली. डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांना काय फुटबॉल येत नाही? येतो, पण त्यांना कुणी थांबून बघत नाही.

म्हणून बेल्जियमनं उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी वेगळ्या राष्ट्रीय टीम काढल्या, 'फ्यूचर्स' नावानं. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकॅडमी कधीकधी जन्मवर्ष बाजूला ठेवून शरीर किती वाढलंय त्यावरून गट पाडून मॅच खेळवतात, त्याला बायो-बँडिंग म्हणतात. त्यात बारीक पोराला पहिल्यांदा पुढं होऊन खेळायला मिळतं आणि दांडग्या पोराला पहिल्यांदा डोकं वापरावं लागतं, फायदा दोघांचाही. फ्रान्सच्या ग्रीझमनला त्याच्याच देशातल्या क्लबांनी बारीक म्हणून परत पाठवलं, तो स्पेनमध्ये रेआल सोसिएदादला जाऊन तयार झाला आणि २०१८ चा वर्ल्ड कप फ्रान्सकडूनच जिंकला. क्रोएशियाच्या मॉड्रिचलाही लहानपणी तिथल्या हायदुक स्प्लिट क्लबनं अंगानं कमी म्हणून घेतलं नव्हतं. तुमचा पोरगा मॉड्रिच होईल असं मी म्हणत नाहीये, पण बाराव्या वर्षीच्या उंचीवरून "होणार नाही" असंही कुणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट वयचोरीची, आणि इथं मी स्पष्ट लिहितो. एआयएफएफ, म्हणजे आपला भारतीय फुटबॉल महासंघ, मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासणारी टीडब्ल्यू-३ चाचणी वापरतं, पण गावच्या स्पर्धेत कोण एक्स-रे काढतंय. तिथं थांबवायचं तर ते तालमींनी आणि मंडळांनीच थांबवायला पाहिजे. कोल्हापूरसारखं फुटबॉलवर जीव टाकणारं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही, शाहू स्टेडियमला पेठेपेठेतली ईर्षा बघायला माणसं उन्हात बसतात, ती ईर्षा मला फार आवडते, पण तीच १३ खालच्या गटात उतरली की खरं बारा वर्षांचं पोर बाहेर फेकलं जातं. पाच वर्षांनी सीनियर टीमला पायात खेळ असलेली पोरं लागतात तेव्हा ती कुठून आणणार? कोल्हापूरच्या मातीत ती आहेत. अनिकेत जाधव रिक्षाचालकाच्या घरातला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताची जर्सी घालून उतरला.

आत्ता घरी काय करायचं तर थोडे दिवस सिलेक्शन या शब्दाचं नावच काढू नका. मित्रांबरोबर छोट्या जागेत खेळू दे, चार-चार, पाच-पाच, तिथं अंग कमी आणि टच, म्हणजे बॉलवरचा ताबा, जास्त लागतो, म्हणजे त्याचा खेळ. डावा पाय कच्चा असेल तर भिंतीवर डाव्यानं पासिंग. दर तीन महिन्यांनी भिंतीवर पेन्सिलनं उंची मांडा, एकदम वाढायला लागला की काही महिने तो अडखळेल, टच बिघडल्यासारखा वाटेल, तेव्हा रागवू नका. त्याच काळात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखायला लागलं तर "मर्द हो" म्हणून पळवायचं नाही, विश्रांती आणि डॉक्टर. आणि पावडर, सप्लिमेंट, अंग भरायची औषधं यातलं काहीही नको, कुणी कितीही सांगितलं तरी.

प्रश्न : आमच्या ८ वर्षांच्या मुलाला कोच रोज हेडिंगची (डोक्यानं बॉल मारायची) प्रॅक्टिस देतात. घरी आल्यावर डोकं दुखतं म्हणतो. चालतं का? (नागपूर)

नाही चालत, आजच बंद करा आणि डोकं दुखतंय तर डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद आहे, ११ ते १३ ला प्रॅक्टिसमध्ये मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ट्रेनिंगमध्ये हेडिंग शिकवत नाहीत. कोचना हे शांतपणे सांगा, बहुतेक जण ऐकतात. आठ वर्षांच्या पोरांच्या मॅचमध्ये बॉल डोक्याच्या उंचीला येतोच कितीसा?

प्रश्न : सर, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीचा यू-१० (१० वर्षांखालचा) क्लब आहे, सेव्हन अ साइड, म्हणजे सात-सात जणी खेळतात. ट्रायआउट (सिलेक्शन) झाले आणि ती बी टीममध्ये गेली. ए टीमला मेन कोच, बी टीमला कॉलेजमधला मुलगा. फी मात्र सारखीच. शिवाय आता एज ग्रुप बदलणार म्हणतायत, ते काय आहे? (एक बाबा)

आधी एज ग्रुपचं. अमेरिकेत इतकी वर्षं जानेवारी ते डिसेंबर अशी जन्मवर्षानुसार टीम व्हायची, ते २०२६-२७ च्या सीझनपासून बऱ्याच संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं करतायत, म्हणजे शाळेतल्या वर्गातली मुलं जास्त करून एकाच टीममध्ये येतील. चांगलं आहे, मैत्रिणी बरोबर असल्या की मुली खेळ सोडत नाहीत. पण वर कोल्हापूरच्या दादांना जे सांगितलं ते यानं संपत नाही, फक्त डिसेंबरच्या ऐवजी आता जूनजुलैची मुलं गटात सगळ्यात लहान होतील. तुमच्या मुलीचा वाढदिवस कुठल्या महिन्यात आहे ते बघा, कदाचित बी टीमचं अर्धं उत्तर तिथेच सापडेल.

बी टीम वाईट नाही. तिथे तिला पूर्ण मॅच खेळायला मिळत असेल, बॉल तिच्याकडून जात असेल, तर ए टीमच्या बेंचपेक्षा मी बी टीम घेईन. पण सारखी फी घेऊन चांगला कोच फक्त ए टीमला, हे चुकीचं आहे आणि हे तुम्ही क्लबला लेखी विचारायला पाहिजे. डायरेक्टर ऑफ कोचिंग महिन्यातून किती सेशन बी टीमचे घेतो? सीझनच्या मधे मुली वरखाली होतात का, की ऑगस्टमध्ये ठरलं ते मे महिन्यापर्यंत फिक्स? वर्षातून दोनदा तरी मुलीबद्दल लिहून काही देतात का, म्हणजे काय जमतंय, पुढे काय करायचंय? यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर तो क्लब ए टीमचा आहे आणि बी टीमच्या पालकांच्या पैशावर चालतो असं समजायला हरकत नाही.

तुमच्याकडे सेव्हन अ साइडला बिल्ड-आउट लाइन असते, गोलकीपरच्या हातात बॉल आला की समोरच्या टीमनं त्या रेषेमागे जायचं, म्हणजे मागून पास करत बॉल बाहेर काढायला वेळ मिळतो. फार छान नियम आहे. मॅचला गेलात की बघा, तुमची टीम तो वेळ वापरते की कीपर तरीही बॉल खाली ठेवून लांब लाथ मारतो. कोचला काय शिकवायचंय ते तेवढ्यावरून कळतं.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची, म्हापशाला मुलांबरोबर क्लबात खेळते, एकटीच मुलगी आहे. तिला काही वाटत नाही पण नातेवाईक आणि क्लबातले एकदोन पालक म्हणतात आता मोठी झाली, पुरे. (एक आई, गोवा)

तिला आवडतंय ना, मग खेळू दे. नेदरलँड्सची स्टार खेळाडू मिडेमा १४ व्या वर्षापर्यंत मुलांच्याच टीममध्ये खेळली. इंग्लंडमध्ये मिश्र टीमला १८ वर्षांखालच्या गटापर्यंत परवानगी आहे. वेगवान मुलांमध्ये खेळून निर्णय लवकर घ्यायची सवय लागते, ती पुढे कामी येते. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये मिश्र टीमची वयाची अट वेगवेगळी असते, तेवढी क्लबकडून आधीच विचारून ठेवा, नाहीतर ऐन मॅचच्या दिवशी तिला बाहेर बसवतील आणि ते फार लागतं.

क्लबकडून तीन गोष्टी मात्र मागून घ्याच. कपडे बदलायला वेगळी जागा, आणि बाहेरगावी टीम जाते तेव्हा बरोबर एक बाई, आई असो की कोच. तिसरी म्हणजे वॉर्म-अप. वयात येताना मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, आणि उडी मारून नीट उतरणं, एका पायावर तोल, असे व्यायाम असलेला फिफाचा ११ प्लस वॉर्म-अप दुखापती खरोखर कमी करतो, लहान मुलांसाठी त्याचा वेगळा किड्स प्रकार आहे. फुकट मिळतो, पंधरा-वीस मिनिटं लागतात. ज्या क्लबात पोरं आल्या आल्या थेट गोलवर शॉट मारायला लागतात तिथे हे होत नाही.

आणि जमलं तर आठवड्यातून एकदा मुलींच्या ग्रुपबरोबरही पाठवा. २०२२ चा १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप मडगावलाही झाला, तुमच्याच राज्यात. दहा-अकराच्या मुली आजूबाजूला नक्की असतील, तुमचीला बघून त्यांच्या आया पाठवतील.

प्रश्न : सर, मी शाळेत पीटी शिकवतो. तालुक्याच्या गावी क्लब काढलाय, ४० पोरं येतात, ८ ते १३ वयाची. एक ग्राउंड, सहा बॉल, कोच मी एकटाच. डेव्हलपमेंट वगैरे मोठ्या अकॅडमींचं ठीक आहे, आमच्यासारख्यांनी काय करायचं? आणि चांगलं पोर तयार झालं की मोठा क्लब घेऊन जातो, आम्हाला काय उरतं? (सातारा जिल्हा)

सर, तुमचं पत्र वाचून सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण सहा बॉलमध्येही डेव्हलपमेंट होतं. ४० पोरं म्हणजे ४ विरुद्ध ४ चे पाच सामने, पाच बॉल, एक शिल्लक. साधारण २५ बाय १५ मीटरची पाच छोटी मैदानं चुन्यानं आखा, अर्ध्या ग्राउंडमध्ये बसतात. गोलला विटा किंवा चपला. गोलकीपर नको. आठ मिनिटं खेळवा, शिट्टी, जिंकलेली टीम एक मैदान पुढे, हरलेली एक मैदान मागे. तीन-चार वेळा फिरलं की सारख्या ताकदीची पोरं आपोआप समोरासमोर येतात, म्हणजे आठ वर्षांचं पोर तेरा वर्षांच्याखाली चिरडलं जात नाही आणि तुम्हाला गट पाडायला डोकं लावावं लागत नाही. तुम्ही या मैदानावरून त्या मैदानावर फिरत राहा, एका वेळी एका पोराला एकच गोष्ट सांगा, "पास यायच्या आधी मागे बघ", बस्स.

गावातली दहावी-बारावीची खेळणारी दोन-तीन पोरं हाताशी धरा, त्यातल्या एखाद्याला पुढेमागे एआयएफएफचा कोचिंगच्या ई लायसन्सचा कोर्स करायला लावा, मग त्याच्या वरचा डी. एक वही ठेवा, त्यात हजेरी आणि मॅचमध्ये कोण किती मिनिटं खेळलं एवढंच लिहा. महिन्याच्या शेवटी वही उघडली की कोण मागे राहतंय ते दिसेल, आठवणीवर ठेवलं तर दिसत नाही, कारण आपल्याला चांगली पोरंच आठवतात.

मोठा क्लब पोर घेऊन जातो याबद्दल वाईट वाटतं हे समजतं, पण तुम्हाला काहीच उरत नाही असं नाहीये. फिफाच्या नियमात सॉलिडॅरिटी नावाची तरतूद आहे. करार संपायच्या आत खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्स्फर झाली आणि पैसे दिले गेले, तर त्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा १ कोटीची ट्रान्स्फर झाली आणि पोर १२ पासून १५ पर्यंत चारही वर्षं तुमच्याकडे होतं, तर १ लाख तुमच्या क्लबचे. परदेशात पहिला प्रोफेशनल करार झाला तर ट्रेनिंगच्या भरपाईचा वेगळा नियम आहे. असं दर वर्षी होणार नाही, कदाचित कधीच होणार नाही, पण झालं तर ते पैसे तेव्हाच मिळतात जेव्हा क्लब संघटनेशी संलग्न असतो आणि पोराची त्या त्या वर्षाची नोंद कागदावर असते. गावाकडच्या क्लबांकडे नेमकं हेच नसतं. म्हणून या सीझनच्या आधी जिल्हा संघटनेकडे जाऊन संलग्नतेचं काय ते विचारा, एआयएफएफच्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनवर १२ च्या पुढची सगळी पोरं घाला, नुसती चांगली नाही, सगळी, आणि जन्मदाखले खरे लावा. अडलं तर परत लिहा, संलग्नतेच्या अर्जाबद्दल पुढच्या अंकात सविस्तर देतो.